दांडिया बाजारात घर घ्यायचे आहे, पण कोणते?

वाचकाचे पत्र: आम्ही बडोद्यात, भायलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सासू-सासरे दांडिया बाजारात, आजेसासऱ्यांनी घेतलेल्या भाड्याच्या घरात. सासूबाईंचे गुडघे गेले आहेत, आमच्या रोज दोन खेपा होतात, म्हणून तिथेच घर घेऊन त्या दोघांनाही आमच्याकडे आणायचे ठरवले आहे. दोन जागा समोर आहेत. एक, 1985 च्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दलाल 780 चौरस फूट सांगतो. मागणी 34 लाख, त्यातले 24 दस्तावेजात आणि 10 रोख. लिफ्ट नाही. दुसरी, जवळच्याच पोळीतल्या (जुन्या गल्लीवजा वस्तीतल्या) लाकडी घराचा अर्धा भाग, 29 लाखांना. उरलेल्या अर्ध्यात विकणाऱ्याचा मोठा भाऊ राहतो आणि पुढच्या खोलीत एका शिंप्याचे जुने दुकान आहे. यजमानांचे मन लाकडी घरात अडकले आहे, माझा कल फ्लॅटकडे. कोणते घ्यावे? आणि घर झाल्यावर सासऱ्यांच्या भाड्याच्या घराचे काय करावे?
एक वाचक, भायली

ताई,

पोळीतला अर्धा भाग आत्ता आहेत त्या कागदांवर घेऊ नका. फ्लॅट घेता येईल, पण 24 अधिक 10 या हिशेबाने नव्हे. आणि पाणी, संडास-न्हाणीचा स्लॅब व जमिनीचा वाटा या तीन गोष्टी नीट पाहिल्याशिवाय टोकन म्हणून अकरा हजारसुद्धा हातावर ठेवू नका.

यजमानांचा ओढा कळतो. मे महिन्यात दुपारी दीड फूट जाडीच्या भिंतीआड जे वाटते ते भायलीच्या फ्लॅटमध्ये वाटत नाही. फक्त त्यांना आवडले आहे ते घर, आणि विकायला निघाला आहे तो घरातला हिस्सा. मध्ये भिंत घातली, दोन चुली झाल्या, दोन मीटर आले, की वाटणी झाली असे घरचे लोक धरून चालतात. कायदा तसे धरत नाही. सिटी सर्वे कचेरीतून त्या घराचे प्रॉपर्टी कार्ड काढा. विभाग, टिका नंबर आणि सिटी सर्वे नंबर लागतो. तिन्ही जुन्या दस्तावेजावर सापडतात. कार्डावर दोन्ही भावांची नावे एकाच क्रमांकाखाली असतील, किंवा अजून वडिलांचेच नाव असेल, तर धाकट्याकडे विकायला आहे तो फक्त अविभक्त हिस्सा. कोणती खोली त्याची, हे कागदावर कुठेच ठरलेले नाही.

असा हिस्सा परक्याने घेतला तर काय होते, ते कायद्याने केव्हाच सांगून ठेवले आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 44 म्हणते की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला तिथे सामाईक ताब्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावावा. तुम्ही दावा लावला की 1893 च्या वाटणी कायद्याचे कलम 4 मोठ्या भावाच्या कामी येते. न्यायालय ठरवील त्या किमतीला तुमचा हिस्सा विकत घेण्याची मागणी तो करू शकतो. म्हणजे 29 लाख मोजून तुमच्या पदरात आधी पडेल ती तारीख.

त्यातच बहिणी. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर मुलींचा वाटा मुलांएवढाच असतो, आणि वडिलोपार्जित मालमत्तेतही 9 सप्टेंबर 2005 पासून मुली सहवारस आहेत. ‘ताईंना काही नको आहे’ हे तोंडी चालत नाही. तलाठ्याकडचा पेढीनामा, म्हणजे वारसांची यादी, मागा, त्यातले प्रत्येक नाव मोजा, आणि ज्यांना नको आहे त्यांचे नोंदणीकृत हक्क-कमीचे (हक्क सोडल्याचे) दस्तावेज पाहा. त्यानंतर भावांनी वाटणीपत्र नोंदवून सिटी सर्वेत दोन कार्डे वेगळी करून आणली, तर या घराचा विचार जरूर करा. एरवी नाही. विकणारा ‘ते आम्ही नंतर करून देऊ’ म्हणाला तर आपणही पैसे नंतरच द्यावेत.

शिंपी तुम्हाला किरकोळ वाटला असेल. जुना भाडेकरू घराबरोबर येतो. मालक बदलला म्हणून त्याचा हक्क बदलत नाही. 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आपल्याकडे अजून चालतो, आणि त्याखाली माणूस काढायचा तर कारण सिद्ध करावे लागते. ‘घर विकले की तो जाईल’ हे वाक्य दलालाचे आहे. शिंप्याला स्वतः भेटून विचारा. जाणार असेल तर त्याने दस्तावेजाच्या आधी जावे आणि तुम्हाला ती खोली रिकामी दाखवली जावी.

हे सगळे सुटले असे धरू आणि लाकडाकडे वळू, कारण यजमान ते विचारणारच. सागवानी सांगाड्याचे घर शंभर वर्षे उभे राहते ते कोरडे असेल तोवर. मरते ते दोनच ठिकाणी: खांबाचा जमिनीलगतचा हातभर भाग आणि तुळईचे भिंतीत शिरलेले टोक. दोन्हीकडे ओल साठते आणि दोन्ही ठिकाणे प्लास्टरने झाकलेली असतात. पेचकस घेऊन जा. खांबाच्या तळाशी, तळखड्याच्या अगदी वर, रंगाखाली तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. हातोडीच्या दांड्याने ठोका: निरोगी साग खणखणतो, पोखरलेला पोकळ बोलतो. वाळवीच्या मातीच्या नळ्या कडीपाटात, चौकटीमागे आणि मीटरच्या लाकडी पाटीमागे शोधा. वरच्या मजल्यावर खोलीच्या मध्यात उभे राहून टाचेने दणका द्या. तक्तपोशी किंचित हलणे ठीक, पण भांड्यांचे कपाट खडखडले तर कड्या वाकल्या आहेत.

भिंतीला कमरेपर्यंत खार फुटला असेल तर आधी प्लास्टर कशाचे आहे ते पाहा. या भिंती विटा आणि चुन्याच्या. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर सुटत असे. त्यावर कोणीतरी सिमेंटचे प्लास्टर मारले की ती कोंडते, आणखी वर चढते आणि तुळईच्या टोकाशी जाऊन बसते. घर ‘मजबूत’ करायला केलेल्या कामाने घर सडलेले या भागात पुष्कळ दिसते. उपाय म्हणजे ते सिमेंट चार फुटांपर्यंत खरवडून भिंतीला एक उन्हाळा वाळू देणे, नळ-मोरीची गळती बंद करणे आणि मग चुन्याचेच प्लास्टर करणे. ओल असताना वरून वॉटरप्रूफ रंग मारणे म्हणजे पुन्हा तोच रोग. सामाईक भिंतही विसरू नका. शेजारच्याच्या तुळया त्याच भिंतीत टेकलेल्या असतात; उद्या त्याने घर पाडून आरसीसी बांधायला घेतले तर तुमच्या बाजूला टेकू लावायचे कोणी, हे वाटणीपत्रात लिहिलेले हवे. कर्जाचे म्हणाल, तर बँकेचा मूल्यांकनकार अशा घरात जमिनीची किंमत धरतो आणि बांधकामाची फारशी धरत नाही. तेव्हा 29 लाखांतले बरेचसे घरचे पैसे असावे लागतील.

आता फ्लॅट. आधी दहा लाख रोखीचे, कारण दलाल ते ‘तुमच्या फायद्याचे’ म्हणून सांगतो आहे.

गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का. दस्तावेज 34 लाखांचा न करता 24 चा केला तर 10 लाखांवरचे 5.9 टक्के वाचतात, म्हणजे 59,000 रुपये. बस, एवढाच तो फायदा. आता दुसरी बाजू. बँक दस्तावेजातल्या रकमेवर कर्ज देते. 80 टक्के धरले तर 34 लाखांवर 27 लाख 20 हजार, 24 लाखांवर 19 लाख 20 हजार. पहिल्या हिशेबात तुमच्या खिशातून 6 लाख 80 हजार जातात, दुसऱ्यात 4 लाख 80 हजार आणि वर रोख 10 लाख, म्हणजे 14 लाख 80 हजार. पुढे कधी विकलात तर तुमची खरेदी 24 चीच धरली जाणार. न दिसणाऱ्या त्या 10 लाखांवर 12.5 टक्क्यांनी सव्वा लाख भांडवली नफा कर भराल. 59,000 वाचवून सव्वा लाख. शिवाय जंत्री, म्हणजे जागेचा सरकारी दर, 15 एप्रिल 2023 पासून वाढलेली आहे. दस्तावेजाची रक्कम जंत्रीच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक (आणि 50,000 रुपयांहून अधिक) कमी निघाली तर तो फरक तुमचे, म्हणजे घेणाऱ्याचे, उत्पन्न म्हणून धरला जातो. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो, हे विकणाऱ्यालाही सांगून पाहा. कित्येकदा तोच थोडा नरमतो.

वाचवायचेच असेल तर सरळ मार्ग आहे. घर फक्त तुमच्या नावावर घ्या. घेणारी केवळ स्त्री असेल तर नोंदणी फी माफ आहे: 34 लाखांवर 34,000 रुपये. यजमान कर्जात सहकर्जदार राहू शकतात, मालकीत नाव नसले तरी चालते. मात्र ते जुन्या करपद्धतीत असतील आणि व्याजाची वजावट घेणार असतील तर ती फक्त सहमालकाला मिळते; त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर आधी हिशेब मांडा. 1,66,600 रुपये मुद्रांक शुल्क मात्र नाव कोणाचेही असो, भरावेच लागेल, आणि त्यासाठी बँक कर्ज देईल असे धरू नका.

780 चौरस फूट म्हणजे सुपर बिल्टअप, त्यात जिनाही आला. टेप घेऊन आतून मोजा. समजा 570 भरले, तर दर झाला चौरस फुटाला सुमारे 5,965 रुपये. भायलीच्या नव्या इमारतींचा रेरा कार्पेटचा (भिंतींच्या आतल्या जागेचा) दर याच्याशी ताडून पाहा. 780 ने भागलेला दर फक्त दलालाच्या कामाचा.

चाळीस वर्षांच्या फ्लॅटमध्ये तुम्ही नक्की काय विकत घेता? भिंतींचे आयुष्य निम्म्याहून अधिक संपले आहे. टिकणारी वस्तू म्हणजे दस्तावेजात लिहिलेला जमिनीचा अविभक्त वाटा. तो आकडा वाचा आणि स्वतः भागाकार करा. प्लॉट 420 चौरस मीटर आणि फ्लॅट बारा असतील तर प्रत्येकी 35 यायला हवेत. दस्तावेजात 22 लिहिले असतील तर उरलेली जमीन तळमजल्याच्या दुकानांकडे किंवा मूळ मालकाकडे राहिली आहे, आणि उद्या पुनर्विकास झालाच तर तुमचे वजन 22 चेच. पुनर्विकासाचे आमिष कोणी दाखवील. गुजरातमध्ये 2018 च्या दुरुस्तीनंतर पंचवीस वर्षे झालेल्या इमारतीला 75 टक्के सभासदांची संमती पुरते, हे खरे. पण बिल्डर येतो तो रस्त्याची रुंदी पाहून. अरुंद गल्लीत उंची, मोकळी जागा आणि पार्किंग यांचे नियम सांभाळून त्याला विकायला जादा मजले उरत नाहीत. म्हणून या आशेचा एक रुपयाही किमतीत धरू नका. झाला तर झाला.

कागद कोणते पाहायचे? मूळ मालकापासून आजवरचे सगळे दस्तावेज, बिल्डरची मंजूर रजा चिठ्ठी (बांधकाम परवाना) आणि नकाशा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट किंवा असोसिएशनची नोंद, पालिकेचा वेरा (घरपट्टी) भरल्याची पावती, सोसायटीचा ‘बाकी नाही’ दाखला. नकाशाला फ्लॅट ताडून पाहा. बाल्कनी बंद करून केलेली खोली बहुतेक ठिकाणी दिसते. ती इम्पॅक्ट फी भरून नियमित केली आहे का ते विचारा, नाहीतर बँकेचा माणूस तेवढी जागा गाळून किंमत काढील. वकिलाकडून तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च घ्या आणि गुजराती दैनिकात जाहीर नोटीस द्या. मराठी घर आहे म्हणून मराठी पत्रात नोटीस देऊन भागवू नका. हरकत घेणारा वाचतो ते पत्र महत्त्वाचे.

आणि अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या घरांच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा. 1991 च्या या कायद्याखाली जुन्या शहराचा बराच भाग येतो. यादीतल्या भागात घर असेल तर घेणारा-देणारा कोणत्याही समाजाचा असो, कलेक्टरांची परवानगी आधी, दस्तावेज नंतर. विकणारा राजीखुशीने विकतो आहे आणि किंमत वाजवी आहे, हे तिथे तपासले जाते. प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात, पोलिसांचा अभिप्राय मागवला जातो, शेजाऱ्यांचे जबाबही होतात. परवानगीवाचून केलेला व्यवहार रद्द ठरतो आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तीन ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. तुमचा सिटी सर्वे नंबर यादीत आहे का, हे दलालाला न विचारता कचेरीत विचारा. येत असेल तर बानाखतात (विक्रीच्या करारात) दोन-तीन महिन्यांची मुदत ठेवा आणि परवानगी न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत, असे स्पष्ट लिहून घ्या. बानाखत नोंदवाच, किरकोळ रकमेच्या स्टँपवर सह्या करून लाखांचे टोकन देण्याची इथली रीत वाईट आहे.

इमारत पाहायला दुपारी जा आणि सुरुवात तळमजल्यापासून करा. खांबांच्या कोपऱ्यांवर सळईच्या रेषेत उभी चीर दिसली तर आत लोखंड गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचे काँक्रीट फुगून सुटते. जिथे रोज पाणी सांडते, म्हणजे टाकीजवळ, धुण्याच्या जागी, ड्रेनेजच्या उभ्या पाइपामागे, तिथले खांब आधी पाहा. तुळईच्या टोकाशी तिरपी चीर असेल तर पुढे जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो रिबाउंड हॅमरने ठोकून काँक्रीटचा अंदाज देतो, त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

फ्लॅटमध्ये सर्वांत आधी संडास-न्हाणीत मान वर करून पाहा. तुमच्या डोक्यावर वरच्या मजल्याची न्हाणी आहे. त्या काळी बुडवलेल्या स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरून त्यात बिडाचे पाइप टाकत. सांधे सुटले की पाणी त्या भरावात वर्षानुवर्षे मुरते आणि खालच्या छताच्या सळया खाते. पिवळे-तपकिरी डाग, चुन्याचे पांढरे थेंब किंवा नुकतेच बसवलेले पीव्हीसीचे छत, तिन्हींचा अर्थ एकच. विशेषतः ते छत. विकायच्या आधी न्हाणीला कोणी हौसेने छत लावत नाही. एक पट्टी काढायला सांगा. इथे अडचण अशी की दुरुस्ती तुमच्या घरातून होतच नाही. वरच्यांची फरशी आणि भराव काढून, पाइप बदलून, मोरीकडे उतार देऊन, वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर फूटभर चढवून, मग दोन ते तीन दिवस दोन इंच पाणी कोंडून ठेवावे लागते. पाणी उतरले नाही तरच भराव आणि फरशी. तेवढे दिवस वरचे न्हाणार कुठे? म्हणून वरच्या मजल्यावरच्यांशी आत्ताच बोला. त्यांची तयारी आणि खर्चाचा वाटा लेखी येईपर्यंत किंमत ठरवू नका. तुमच्या बाजूचे काम त्यानंतरचे: सुटे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडणे, तारेच्या ब्रशने गंज काढणे, गंजरोधक लावणे आणि पॉलिमरचा मसाला भरणे. सळईचा पाव भाग खाल्ला गेला असेल तर शेजारी नवी सळई. वरून पुट्टी मारून दिली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा डोक्यावर पडेल.

वायरिंग चाळीस वर्षांचे असेल तर न बघता बदलायचे धरा: प्लगला 2.5 चौरस मिलिमीटर, एसीला 4, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच). आधी अर्थिंग खरेच जमिनीपर्यंत पोहोचते का ते तपासा. तारेचे टोक मीटरपाशी नुसते लोंबकळताना आढळते.

पाणी मात्र सवडीने बघायची गोष्ट आहे. जुन्या शहराला आजवा तलावाचे पाणी निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्रातून येते आणि ठरल्या वेळी येते. ती वेळ विचारा आणि त्या वेळी तिथे हजर राहा, एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या पाच मिनिटांचे पाणी पारदर्शक बाटलीत धरा. नळ बंद असतो तेव्हा पाइपात दाब नसतो. शेजारची गटार गळत असेल तर तिचे पाणी जुन्या सांध्यांतून आत ओढले जाते आणि सकाळी सर्वांत आधी तेच बाहेर पडते. वास आला किंवा मातकट निघाले तर शेजारच्या तीन घरांत विचारा. क्लोरिन पाहण्याचे किट मिळते: थेंब टाकल्यावर पिवळट झाले तर क्लोरिन आहे, लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. दुसऱ्या मजल्यावर पालिकेच्या दाबाने पाणी चढेल असे धरू नका. खालची टाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी यांवरच सगळे चालते. माणशी 135 लिटर धरले तर बारा फ्लॅट आणि घरटी चार माणसे म्हणजे रोजचे 6,480 लिटर. खालची टाकी तेवढी आहे का? नसेल तर कोणीतरी सरळ नळालाच मोटर लावलेली असेल. तो गुन्हा आहेच, शिवाय गटारीचे पाणी ओढण्याचा सर्वांत खात्रीचा मार्गही.

विश्वामित्रीचा पूर म्हणून भायलीकडचे लोक तुम्हाला घाबरवतील, किंवा उलटही. काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांवर गेली तेव्हा सर्वाधिक हाल नदीकाठच्या वस्त्यांचे झाले. जुने शहर तुलनेने उंचावर आहे. इथला त्रास वेगळा, तो रस्त्यावर तुंबणाऱ्या पावसाचा. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. त्या दिवशी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते हे तळमजल्याच्या दुकानदाराला विचारा, तो बोटाने दाखवील. रस्ता दरवेळी डांबराचा थर चढून उंच होतो आणि जुनी जोती खाली जातात. खालच्या टाकीचे झाकण रस्त्याच्या सपाटीला असेल तर पहिल्याच जोरदार पावसात गल्लीचे पाणी प्यायच्या पाण्यात. झाकणाची कड दीड फूट उचलून घेणे हे सोसायटीकडून करून घेण्याचे पहिले काम.

गाडी कुठे लावणार ते रात्री नऊला जाऊन पाहा, दुपारी गल्ली रिकामी दिसते. दांडिया बाजारचे अग्निशमन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण लाल गाडी गल्लीच्या तोंडातून आत येईल का हे दोन उभ्या स्कूटरांवर ठरते. गणपतीत, नवरात्रात आणि एकादशीच्या वरघोड्याला (मिरवणुकीला) रस्ता बंद असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आता ज्यासाठी हे सगळे चालले आहे ते गुडघे. दुसरा मजला म्हणजे छत्तीस ते चाळीस पायऱ्या. सासूबाई एकदा चढल्या की आठवड्यातून एकदाच उतरतील, आणि आज ओट्यावर बसून चार माणसांशी बोलतात ते संपेल. दलालाला त्याच गल्लीत पहिला मजला शोधायला सांगा, भले दोन लाख जास्त पडोत. यात आम्ही दुसऱ्या मजल्याच्या बाजूने नाही. फ्लॅट हाच घेतलात तर जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घ्या. एका बाजूचा कठडा उतरताना उपयोगी पडतो तेव्हा चढताना पडत नाही.

राहिला सासऱ्यांचा भाड्याच्या घराचा प्रश्न, आणि तो तुम्ही शेवटी विचारला असला तरी सोडवायला आधी घ्या. भाडेकरूने राहण्याजोगे दुसरे घर मिळवले, किंवा भाड्याची जागा सबळ कारणाशिवाय सहा महिने वापरली नाही, तर मालकाला ताबा मागण्याचे कारण मिळते. तेव्हा भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर असेल तर नवे घर त्यांच्या नावावर घेऊ नका आणि त्यांचे नाव त्यात घालूही नका. तुमच्या नावावर घेण्याला हे दुसरे कारण झाले. तरी ते दोघे तुमच्याकडे राहायला आले आणि त्या घराला कुलूप पडले की सहा महिन्यांचे घड्याळ सुरू होते. ‘पागडी घेऊन देऊन टाका’ असे सांगणारे भेटतील. पागडीची देवघेव कायद्याला मंजूर नाही, आणि मालकाच्या संमतीशिवाय जागा तिसऱ्याला दिली तर ताबा मागायला त्याला आयतेच कारण मिळते. घर सोडायचेच असेल तर वकिलासमोर मालकाशी लेखी समजूत करा: ताबा कोणत्या तारखेला, अनामत किती परत, वीजमीटर आणि गॅसजोड कोणाच्या नावावर जाणार, आणि ताब्याची पोच. ती तारीख तुमच्या न्हाणीचे, वायरिंगचे आणि रंगाचे काम संपण्याच्या निदान दोन महिने पुढची ठेवा. वरच्यांच्या फरशीने एक महिना लांबवलाच, तर सासू-सासऱ्यांना मधल्या काळात तिथेच राहता आले पाहिजे.